भिकुअक्काचे सतरा खांब

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर आमच्या प्रमिलाबाई, म्हणजे माझी बायको, येऊन सांगतीलच. धुळ्यापासून बारा किलोमीटरवर, पांझरेच्या काठी आमचं गाव. तिथे माझा दवाखाना. डॉ. हिलाल पाटील, बी.ए.एम.एस. ही पाटी रंगवून, ही गोष्ट घडली त्या त्र्याण्णव साली, तेवीस वर्षं झाली होती, आणि या तेवीस वर्षांत ज्याच्यावर मी ओरडलो नाही असा पेशंट गावात शोधून सापडला नसता. तरी लोक माझ्याकडेच यायचे. इंजेक्शन देताना माझा हात हलका आहे म्हणे.

भिकुबाई माझी जुनी पेशंट. सगळं गाव तिला भिकुअक्का म्हणायचं. वय अठ्ठावन्न. नवरा रुपचंद आबा चार वर्षांपूर्वी गेले, मुलगा अभिमन गावच्या दूध डेअरीत सेक्रेटरी, सून मंजुळा. चाळीस वर्षं कपाशीच्या पऱ्हाट्यांची चूल फुंकून अक्काची फुफ्फुसं पार खराब झाली होती. टीबी नव्हे. गावाने तशी आवई उठवली होती म्हणून मी तिचा बेडका तीनदा धुळ्याला तपासून आणला होता. हा दुसरा आजार, जुनाट, पूर्ण बरा न होणारा. खोकला आणि दम. चार पावलं टाकली की भाता सुरू.

मी औषधं देत होतो, दम फार वाढला की इंजेक्शन देत होतो. आणि एक चिठ्ठी दिली होती. 'संपूर्ण विश्रांती. काम, ओझे, चालणे बंद.' खाली सही, सहीवर शिक्का. शिक्का मारायची मला भारी हौस.

त्या चिठ्ठीने काय केलं ते ऐका. अभिमन म्हणजे आईवर जीव टाकणारा पोरगा. त्याने ती चिठ्ठी घरात देवळीशेजारी भिंतीवर खळीने चिकटवली. मग काय, सगळी भाऊकी पहाऱ्यावर! अक्काने तांब्या उचलला की समोरच्या ओट्यावरून कोणीतरी ओरडायचं, "ओ अक्का, डॉक्टरने नाही सांगेल शे ना!" मंजुळा बिचारी तर सासूला जागेवरून हलू द्यायची नाही. हलली असती तर गाव म्हणालं असतं, आजारी सासूला राबवते. जवळजवळ वर्षभर अक्का खाटेवर. शेवटी शेवटी तिला खाटेवरून उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागायची. मी दर आठवड्याला तपासून म्हणायचो, "आजार वाढला बरं का अभिमन. विश्रांती वाढवा."

हसू नका. मी अगदी मनापासून म्हणायचो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली, आणि एके दिवशी अक्काने मला घरी बोलावणं पाठवलं. मी गेलो तर मंजुळाला चहा टाकायला आत पाठवून ही बाई मला म्हणते, "भाऊ, औंदा कानबाई मी लई जासू." म्हणजे यंदाची कानबाई ती स्वतः नेणार!

बाहेरच्या माणसाला इथे थोडं सांगायला हवं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच डोळे, नथ, दागिने लावून देवी करतात, चौरंगावर बसवतात. सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर न्यायचं, आंघोळ घालायची आणि परत घरी आणायचं. चौरंग डोक्यावर घ्यायचा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. अक्काच्या भाऊकीत आणखी एक रीत. थोरलीला वाटेल त्या वर्षी तिने नदीकाठी आपल्या हाताने चौरंग पुढच्या सुनेच्या डोक्यावर द्यायचा. तशी दिली तरच ती सून थोरली. अक्काला तिच्या सासूने अशीच दिली होती, आणि मग सव्वीस वर्षं अक्काने नेली.

गेल्या श्रावणात मात्र घरापासून विजेच्या दोनच खांबांवर तिचा दम कोंडला. डोळे फिरले. चुलतजाऊ ताईबाईने चटकन पुढे होऊन चौरंग उचलला, आपल्या डोक्यावर घेतला आणि नदीवर नेला. ताईबाईचं यात काही चुकलं नाही. मीच म्हणालो होतो, "उचला, उचला, बाई मरेल!" ती विश्रांतीची चिठ्ठी मी त्याच दिवशी लिहिली.

"मना डोकावरथून काढी लिधी, भाऊ," अक्का म्हणाली. "मी दिधी नही." एवढं बोलायला ती तीनदा थांबली. "औंदा मना पायवर चालीसन जासू. नदीवर मंजुळाले देसू. मंग तुम्ही माले खाटवर बांधी ठेवा."

नदी तिच्या घरापासून विजेचे सतरा खांब. आणि ही मोरीपर्यंत जाऊ शकत नव्हती! मी असा काही ओरडलो की आतून मंजुळा चहाचा कप घेऊन पळत आली. अक्का शांतपणे म्हणाली, "डॉक्टरले साखर जास्त दे व माय."

त्याच महिन्यात दर गुरुवारी धुळ्याहून एक पोरगी आमच्या ग्रामपंचायतीत यायला लागली. कुंदा चौधरी, मूळची यावलकडची, चोवीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. एका ट्रस्टच्या दवाखान्याने खेड्यापाड्यांतल्या दम्या-खोकल्याच्या लोकांसाठी पाठवलेली. गावाला हा शब्दच नवा. दोन दिवसांत बातमी फिरली की मालीशवाली बाई आली आहे, आणि पुढच्या गुरुवारी गुडघे धरून तीस म्हाताऱ्या रांगेत.

ती मला भेटायला आली. म्हणाली, "सर, तुमचे दमवाले पेशंट पाठवाल का? मी त्यांना चालायला लावणार आहे."

"चालायला?" मी म्हणालो. "ज्याला बसून श्वास पुरत नाही त्याला तुम्ही चालवणार? कोणत्या कॉलेजात शिकलात हो मॅडम?"

खरं सांगायचं तर मला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि जे मला शिकवलं नाही ते खरं नसणार अशी माझी पक्की समजूत होती.

ती घाबरली नाही. म्हणाली, "सर, माणसाचा पाय सहा महिने प्लास्टरमध्ये ठेवला तर काय होतं?"

"वाळतो. शेंबडं पोरही सांगेल."

"मग तुमच्या भिकुबाईंना तुम्ही वर्षभर अख्खंच प्लास्टरमध्ये ठेवलंय. फुफ्फुसं धुराने बिघडली, ती मी दुरुस्त करू शकत नाही. पण पाय बसून बसून गेलेत. ते परत आणता येतील. पाय मजबूत झाले की आहे तो श्वास पुरतो."

अक्काची गोष्ट हिला आधीच कोणीतरी सांगितलेली! आतल्या दारात प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं कोणी ते. मी म्हणालो, "करा काय करायचं ते. बाईला काही झालं तर मी पंचनाम्यात तुमचं नाव सांगेन." इतकं वाईट बोललो. आज लाज वाटते.

अक्काच्या घरी कुंदाने पहिल्याच दिवशी मार खाल्ला. खराखुरा नव्हे, तोंडी. तिने अक्काला ओठांचा चंबू करून, मेणबत्तीची ज्योत न विझवता हळूहळू फुंकर सोडायला सांगितली. श्वास आत घ्यायचा एक-दोन मोजत, सोडायचा चारपर्यंत मोजत. अक्का भडकली. "चूल फुकी फुकीसन मना ह्या हाल व्हयनात, अन् हाई पोर माले परत फुकाले सांगस!" मी खुर्चीत बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग कुंदाने व्यायामाचा छापील कागद काढला. त्यावर अर्ध्या चड्डीतला एक गोरा माणूस हात वर करून उभा. तो पाहून अक्काने पदर तोंडावर घेतला आणि हसता हसता तिला दम लागला. तेव्हा कुंदा पटकन म्हणाली, "आता करा बघू तोंडाचा चंबू." अक्काने केला. अर्ध्या मिनिटात दम बसला. एरवी दहा मिनिटं लागायची. मी घड्याळ बघितलं होतं, पण बोललो नाही कोणाला.

आता चालायचं कसं? सकाळ-संध्याकाळ गल्लीत चालायचं, एवढंच कुंदाचं म्हणणं. पण आमच्या गावात बाई रिकामी चालत नाही हो. पाण्याला जाते, शेतात जाते, दळणाला जाते. हातात नाही तर डोक्यावर काहीतरी असतंच. आठ दिवस घरातल्या घरात चालून झाल्यावर अक्का रिकाम्या हाताने गल्लीत निघाली, तर पहिल्याच खांबाला तिला पाच बायकांनी विचारलं, "कोठे जाई राहिनी व अक्का?" आता सांगणार काय? 'चालायला चालले'? डोकं फिरलं म्हणतील. ती तशीच मागे फिरली, खाटेवर जाऊन बसली, आणि कुंदाला म्हणाली की मला लाज वाटते, मला जमणार नाही.

कुंदा माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. मी मान डोलवत म्हणालो, "बघा, मी म्हटलं होतं." तेवढ्यात आमच्या प्रमिलाबाई आतून आल्या.

"एवढी पुस्तकं वाचली दोघांनी, आणि डोक्यात एवढंसं येत नाही? बाईला काम द्या की! काम असलं की कोणी विचारत नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. अक्काच्या घरी म्हैस. रोज सकाळी अक्काने आमच्याकडे लोटाभर ताक आणून द्यायचं. दवाखाना तिच्या घरापासून सहा खांब. "डॉक्टरांना पित्त झालंय, त्यांना म्हशीचं ताक लागतं, असं सांगायचं गावात."

"मला कुठे पित्त झालंय?"

"तुम्हाला काही कमी पित्त नाही," बाई म्हणाल्या.

झालं. दुसऱ्या दिवसापासून भिकुअक्का ताक घेऊन निघाली. पहिल्या दिवशी तिला आमच्याकडे पोहोचायला पाऊण तास लागला. प्रत्येक खांबाला टेकून उभी, तोंडाचा चंबू, मग पुढचा खांब. कोणी विचारलं की फुशारकीने सांगायची, "डॉक्टरले पित्त व्हयनं शे. ताक देवाले जास." आठ दिवसांत सगळ्या गावाला माझ्या पित्ताची काळजी. कोणी मोरावळा आणून दिला, कोणी सल्ला दिला की ओरडणं कमी करा. ज्या बाईला मी चालायचं नाही म्हणून लिहून दिलं होतं, ती रोज मलाच ताक पाजत होती, आणि मी ते पीत होतो! असं वागणारा डॉक्टर दुसरा सापडायचा नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात ती तीनच खांबांना टेकली. मी खिडकीतून मोजले.

मग अभिमन आला. पाय आपटत. दवाखान्यात दहा पेशंट बसलेले, त्यांच्यासमोर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझी आई तुमच्या घरी ताक पोचवणारी गडीण आहे का? सेक्रेटरीची आई! आणि घरी भिंतीवर कागद कोणाचा? सही कोणाची? शिक्का कोणाचा?"

मी ओरडलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून उठलो, त्याच्याबरोबर सहा खांब चालत त्याच्या घरी गेलो, आणि देवळीशेजारचा तो कागद नखांनी खरवडून काढायला लागलो. खळ पक्की होती. अर्धा कागद निघाला, अर्धा भिंतीलाच राहिला. मंजुळा उलथनं घेऊन आली. तिने आणि मी मिळून माझाच शिक्का खरवडला.

"अभिमन," मी म्हणालो, "चुकलं माझं. तुझ्या आईला मी बसवून बसवून बिघडवलं. आता तिला चालू दे."

डॉक्टर चुकलं म्हणतो हे अभिमनने कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं. पण मंजुळाला बघा, ती खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. म्हणाली, वर्षभर आईंना जागेवर बसवून मला वाटत होतं मी त्यांना सांभाळतेय. आणि त्या माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. वाटायचं, माझंच काही चुकलं.

त्या दिवसापासून मंजुळाने चूल परसात छपराखाली नेली. अक्काने धुराजवळ फिरकायचं नाही, एवढी एकच बंदी राहिली.

ज्येष्ठ संपेपर्यंत अक्का दहा खांब चालायला लागली. पण चौरंगाचं गाडं अडलं होतं. कुंदाने तिच्या डोक्यावर पाट ठेवला, पाटावर दोन शेर गहू. अक्काने दोन्ही हात वर करून पाट धरला आणि तीस पावलांत भाता सुरू. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कुंदा विचारात पडली. मग म्हणाली, "हात! हात वर धरले की त्यांच्या खांद्याचे आणि छातीचे स्नायू हात धरण्यात गुंततात. श्वासाला उरतच नाहीत. गेल्या वर्षीही हेच झालं असणार." आणि मग हताश होऊन, "पण हात न धरता चौरंग डोक्यावर राहणार कसा?"

अक्काने तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला भात कसा खातात ते माहीत नाही. मंजुळाला चुंबळ आणायला सांगितली. चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर पाट, पाटावर गहू. दोन्ही हात खाली सोडून ती अंगणात चालायला लागली. पाट हलला नाही. चाळीस वर्षं तिने नदीवरून दोन-दोन हंडे एकावर एक ठेवून आणले होते, एका हातात बादली, कडेवर अभिमन. देवीला मात्र भक्तीने दोन्ही हातांनी धरायचं, म्हणून ती सव्वीस वर्षं तशी धरत आली होती.

कुंदा टाळ्या पिटायला लागली. "हे आमच्या पुस्तकात नाहीये हो आजी!" अक्का म्हणाली, "तुना पुस्तकम्हा पानी कोन भरस?"

सगळं असं सुरळीत चाललं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. आषाढात हवा कोंदट झाली, अक्काला सर्दी झाली, आणि सर्दीचा एका दिवसात दम झाला. मी धावलो. ओठ निळसर, छाती लोहारकामाला लागलेली. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ जाऊन बसलो. मी घाबरलो होतो. अगदी मनापासून घाबरलो होतो. चौथ्या दिवशी ती उठून बसली तेव्हा मी सांगून टाकलं, "बास. चालणं बंद. कानबाई ताईबाई नेतील."

कुंदा गुरुवारच्या बसने आली. मी तिला अक्काच्या दारातच गाठून म्हणालो, "समाधान झालं? श्रावणाला तीन आठवडे राहिलेत."

ती म्हणाली, "सर, आजारपण येणारच होतं. बसून राहिल्या असत्या तरी आलं असतं. आणि या वेळी त्या चार दिवसांत उठल्या. गेल्या वर्षी किती दिवसांत उठल्या होत्या?"

मी आठवलं. सव्वीस दिवस. वहीत लिहिलेलं होतं. तरी मी म्हणालो, "मेली तर?"

आमची भांडणं अक्का आतून ऐकत होती. तिने हाक मारली. दोघंही आत गेलो, शाळेतल्या पोरांसारखे.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हले मनं मरनं दिसस. माले मनं बसनं दिसस." थांबली, ओठांचा चंबू केला, श्वास सोडला. "मराले मी घाबरत नही. पन माले आते खाटवर नका बसाडू."

मला राग आला नाही, हेच नवल. मी खाली मान घालून म्हणालो, "मग एक अट. चालायचं, पण रोज मी बरोबर येणार."

आणि मी गेलो. रोज संध्याकाळी दवाखाना बंद केला की अक्का पुढे, पाटावर गहू, आणि मी मागे, माझं पोट सावरत. पहिल्या दिवशी तीन खांब. मग पाच. गाव ओट्यावर बसून गंमत बघायचं. "डॉक्टर, पित्त उतरनं का?" असं विचारायचं. मी ओरडायचो. श्रावण लागला तेव्हा आम्ही तेरा खांबांवर होतो. सतरा एकदाही झाले नव्हते.

कानबाईचा सोमवार. मी दवाखान्याला कुलूप लावलं. खिशात इंजेक्शन, पिशवीत गोळ्या. कुंदा सुट्टी टाकून पहिल्या बसने आलेली. अक्का नवं लुगडं नेसून दारात उभी. चुंबळ डोक्यावर, त्यावर चौरंग, चौरंगावर नथ घातलेली कानबाई. आणि दोन्ही हात खाली.

भाऊकीतल्या चार म्हाताऱ्या लगेच कुजबुजल्या. ताईबाई तर मोठ्यानेच म्हणाली, देवीला हात न लावता नेतात का? अक्काने मान न हलवता उत्तर दिलं, "पानी आनाले हात लागत नही, मंग माय आनाले कसाले लागी?" ढोलवाल्या वनाने ढोल धरला आणि निघालो.

एक, दोन. दुसरा खांब ओलांडला तेव्हा मंजुळाने माझ्याकडे बघितलं. पाच. आठ. बायका पुढे नाचतायत, फुगड्या घालतायत, अभिमन आईच्या डाव्या बाजूला, त्याचा चेहरा पांढरा फटक. दहा, अकरा, बारा. तेराव्याला अक्का थांबली.

छाती वरखाली व्हायला लागली. ओठ उघडले. डोक्यावरची कानबाई जराशी हलली, नथीचे मोती हलले. वनाचा ढोल थांबला. ताईबाई दोन्ही हात पुढे करून सरसावली, गेल्या वर्षीसारखीच, चांगल्या मनाने. अभिमन म्हणाला, "आई, दे. दे आता."

माझा हात खिशातल्या इंजेक्शनवर गेला. माझ्या तोंडात 'उचला' हा शब्द आला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मी तिच्या ओठांकडे बघितलं. निळे नव्हते. चंबू होत होता. मी हात बाहेर काढला आणि या गावात आजवर ओरडलो नसेन एवढ्या मोठ्याने ओरडलो, "खबरदार कोणी हात लावला तर! ती थांबली आहे. हरलेली नाही. ए वना, वाजव की! मेला काय ढोल?"

वनाने ढोलावर काठी मारली. बायकांनी तिथल्या तिथे, तेराव्या खांबापाशी, फुगड्या धरल्या. आमच्या प्रमिलाबाईंनी कुंदालाच ओढलं. ती कॉलेजची पोर, तिला फुगड्यांची सवय कुठली, पण गरगर फिरली. आता अक्का थांबली होती हे कोणाला दिसतच नव्हतं. सगळी मिरवणूकच थांबून नाचत होती. अक्का डोळे मिटून उभी. एक-दोन आत. एक-दोन-तीन-चार बाहेर. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने डोळे उघडले आणि पाऊल टाकलं.

चौदा. सोळाव्याला पुन्हा एकदा थांबली, पुन्हा फुगड्या. सतरा. वाळू लागली. पाण्याजवळ आली तेव्हा मी ढसाढसा रडत होतो. अभिमनसुद्धा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

बायकांनी कानबाईला आंघोळ घातली, पुन्हा चौरंगावर बसवली. अक्काने मंजुळाला समोर उभं केलं. चुंबळ आपल्या हाताने तिच्या डोक्यावर नीट बसवली. मग चौरंग उचलला. या वेळी तिचे हात वर गेले.

"हारीसन नही देत मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मना खुशीनी देस."

आणि चौरंग मंजुळाच्या डोक्यावर ठेवला. मंजुळाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर नेला तर चौरंग पडेल की काय अशी भीती. पहिलंच पाऊल टाकताना ती जागच्या जागी अडखळली आणि घाबरून तिने हाक मारली, "आई!"

भिकुअक्का तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"धीरे धीरे चाल," ती म्हणाली. "मी शे ना तुना मांगे. घरलगून मी बी चालत येस."